सुटका शून्य

बंदराच्या कचेरीत तिला सगळे ठिपकेबाई म्हणत. तोंडावर नुसतं बाई, पाठ वळली की ठिपकेबाई. तिला दोन्ही ठाऊक होतं आणि दोन्हीचं काही वाटत नव्हतं, कारण तिचं कामच ठिपक्यांचं. समुद्रात कुठे जहाज फुटलं, तेल सांडलं, की ते तेल कुठे जाणार हे संगणकावर मांडून सांगायचं. सांडलेल्या तेलाचे दहा हजार ठिपके करायचे, एकेक ठिपका म्हणजे दोन-चार बादल्या तेल, आणि ते नकाशावर सोडून द्यायचे. मग दर पंधरा मिनिटांनी प्रत्येक ठिपक्याला तीन धक्के. एक पाण्याचा, एक वाऱ्याचा आणि एक उगाच. हा उगाचचा धक्का कशाला, असं नवीन आलेला प्रत्येक साहेब विचारायचा. ती सांगायची, "दारू प्यायलेला माणूस शेवटी घरीच जातो साहेब, पण कुठल्या गटारावरून जाईल ते सांगता येत नाही. म्हणून."

तिची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. दोन टेबलं, एक लोखंडी कपाट, भिंतीवर खाडीपासून बंदरापर्यंतचा पिवळा पडलेला नकाशा. खिडकी एकच, आणि ती उघडली की समोर शीतगृहाची भिंत. हात लांब केला तर लागेल इतकी जवळ. खाली शीतगृहाचा धक्का, त्यावर दिवसभर माशांच्या पेट्या चढायच्या-उतरायच्या. समुद्राचं खातं आणि समुद्र दिसत नाही, यावर कचेरीत वर्षानुवर्षं तोच विनोद चालायचा. तिला त्याचीही सवय झाली होती. समुद्र तिला आकड्यांत दिसायचा.

प्रोग्रॅम आला तेव्हा ठिपक्याच्या चार अवस्थांना नुसते नंबर होते. तिने त्यांना नावं दिली. पाण्यावर आहे तो 'तरंगता'. उन्हावाऱ्याने हवेत गेला तो 'उडाला'. तळाशी गेला तो 'बुडाला'. आणि किनाऱ्याला टेकला तो 'लागला'. ही नावं साहेबांना इतकी आवडली की पुढे अहवालांतही तीच आली. 'चाळीस टक्के लागला, बारा टक्के उडाला.' वाचणाऱ्याला कळायचं, आणि काय पाहिजे.

आणखी एक ओळ होती, ती कुणी वाचत नसे. किनाऱ्याला लागलेलं तेल भरतीच्या पाण्याने सुटतं आणि पुन्हा वाहायला लागतं. तासाला किती सुटतं हे प्रोग्रॅमला सांगावं लागतं. वाळू असली तर एक आकडा, खडक असला तर दुसरा. त्या ओळीला तिने नाव दिलं होतं 'सुटका'. तीन वर्षांपूर्वी एका बैठकीच्या दिवशी साहेब तिच्या खुर्चीमागे उभे राहून म्हणाले होते, "बाई, हे कडेचे ठिपके सुट्टी झालेल्या शाळेसारखे आतबाहेर काय करतायत? मंत्र्यांना असं दाखवायचं? एकदा लागला की लागला, असं करा की." शिवाय त्या आतबाहेरमुळे प्रोग्रॅमची एक फेरी पुरी व्हायला सात तास लागायचे. साहेबांना चित्र जेवणाआधी हवं होतं. तिने लिहिलं, सुटका: ०. फेरी चाळीस मिनिटांत झाली. चित्र सुंदर आलं, किनाऱ्याला काळी किनार लावल्यासारखं. बैठक झाल्यावर आकडा परत घालायचा, असं तिने ठरवलं होतं. मग दुसरी बैठक आली.

खाडीच्या पलीकडे तिचा मोठा भाऊ राहायचा. बाप गेला तेव्हा दादा पंधरा वर्षांचा होता आणि ही नऊची. दादाने शाळा सोडून बोट धरली, आणि हिने शाळा धरली ती शेवटपर्यंत सोडली नाही. दादाला त्याचं वैषम्य नव्हतं. उलट तो लोकांना सांगत सुटायचा, "आमची बारकी समुद्राला विचारून सांगते." आता गुडघे गेल्यावर त्याने बोट विकली होती आणि खाडीच्या तोंडाशी शिंपले धरले होते. पाण्यावर निळी पिंपं, पिंपांना टांगलेल्या बेचाळीस दोऱ्या, आणि दोरीला घोसांनी लागलेले शिंपले. दोन वर्षं त्यांना जपावं लागतं. यंदा महिन्याभरात काढणी होती.

दर रविवारी ती होडीने पलीकडे जायची. वहिनीच्या हातचं जेवायचं, दादाच्या तक्रारी ऐकायच्या, संध्याकाळच्या होडीने परत. एका रविवारी तिने आपला कचेरीचा लॅपटॉप नेला होता. दादाने चष्मा पुसून बराच वेळ ठिपके पाहिले.

"हा थांबला तो?"

"तो लागला."

"लागला म्हणजे?"

"किनाऱ्याला लागला. संपला."

"संपला कसा? पाणी चढलं की सुटेल की."

"थोडं सुटतं रे. आम्ही धरत नाही ते."

दादा हसला. वहिनीला हाक मारून म्हणाला, "ऐकलंस का? बारकीचा समुद्र भला आहे. एकदा ठेवलेलं परत उचलत नाही."

"तुमच्या समुद्रापेक्षा बरा," वहिनी आतून म्हणाली. "तुमच्याने माझ्या लग्नातलं पातेलं नेलं, अजून दिलं नाही."

तिघं हसली आणि विषय तिथेच राहिला.

जहाज फुटलं ते मंगळवारी सकाळी. धुकं होतं, बुडातली टाकी खडकावर चिरली आणि जहाजाचं स्वतःचं इंधन, डांबरासारखं जड, बाहेर आलं. कचेरीत एकदम धावपळ. जिन्यावरून माणसं वरखाली, फोन, चहाचे अर्धे कप. तीन दिवस ती डोळ्यांत तेल घालून पडद्यासमोर बसून होती, आणि हे वाक्य कचेरीतला प्रत्येक जण एकदा तरी तिला ऐकवून गेला. बुधवारी वारा खाडीकडे होता. तिच्या सांगण्यावरून तेल अडवायचा तरंगता बांध खाडीच्या तोंडाशी घातला. बांध होता एकच. दुसरा दोन वर्षं दुरुस्तीत पडला होता.

गुरुवारी वारा फिरला आणि त्याने तेल उचलून बंदराच्या उत्तरेच्या काळ्या कड्यावर नेऊन आपटलं. हा कडा पाण्यात पुढे आलेला, त्याला सगळे नाक म्हणतात. दुपारी तिने फेरी लावली, चाळीस मिनिटांत चित्र आलं. एकाहत्तर टक्के लागला. नाकाच्या कडेने जाड काळी रेघ आणि बाकीचा समुद्र जवळजवळ मोकळा. पुढचे सहा दिवसही तिने पडद्यावर पळवून पाहिले, काहीच हललं नाही.

साहेबांनी खुर्चीत अंग टाकलं. "म्हणजे नाकाला लागलं म्हणा. चला, खाडी सुटली. बांध काढून वीजकेंद्राच्या पाणी ओढायच्या तोंडाशी न्यायला सांगतो, ते लोक सकाळपासून माझं डोकं खातायत."

त्याच दुपारी दादाचा फोन आला.

"बारके, इथला बांध काढतायत."

"हो. तेल नाकाला लागलंय."

"मग दोऱ्या काढू का मी? माणसं मिळतायत दोन. उद्या दिवसभरात निघतील. वरच्या अंगाला नेऊन बांधतो, गोड्या पाण्यात."

गोड्या पाण्यात शिंपला फार दिवस काढत नाही, हे तिलाही माहीत होतं. त्यात दोऱ्या ओढताना घोस सुटतात. निम्मे मरणार, निम्मे राहणार. महिन्यावर काढणी आली असताना निम्म्यावर पाणी सोडायचं.

"कशाला उगाच," ती म्हणाली. "राहू दे. एकाहत्तर टक्के लागलंय, उरलंय ते बाहेर चाललंय."

"शनिवारी उधाण आहे. मोठी भरती."

"असू दे की. लागलंय ते."

फोनवर थोडा वेळ पिंपावर आपटणाऱ्या पाण्याचा आवाज आला.

"नक्की ना?"

तिने पडद्याकडे पाहिलं. काळी रेघ जागच्या जागी होती. "नक्की, दादा."

"मग झालं," दादा म्हणाला. "जीव भांड्यात पडला. वहिनीला सांगतो."

शुक्रवारी ती तीन दिवसांनी पहिल्यांदा घरी जाऊन नीट झोपली. सफाईची माणसं नाकावर खरवडत होती, पण कडा उभा, पाय ठेवायला जागा नाही. दिवसभरात त्यांनी भरलेल्या पोत्यांचा ढीग कमरेएवढाही नव्हता. घाई नाही, असा निरोप त्यांना कचेरीतूनच गेला होता. लागलेलं कुठे पळतंय?

शनिवारी सकाळी अकराच्या सुमाराला फोन वाजला. बोयेवाला होता. समुद्रातले मोजमापाचे तरंगते बोये तपासत, त्यांच्यावरचं शेवाळ काढत हा माणूस दिवसभर लाँचवर असायचा. त्याला बोलायला कुणी नसायचं, म्हणून तो तिला फोन करायचा.

"बाई, एक गंमत सांगू? नाक स्वच्छ आहे."

"स्वच्छ म्हणजे?"

"स्वच्छ म्हणजे स्वच्छ. धुऊन पुसून ठेवल्यासारखं. वर वर डाग आहेत थोडे, पण ती जाड साय होती ना, ती नाही. काय भरती चढली होती बाई आज, पार वरच्या कपारीपर्यंत. देवानेच झाडू मारला म्हणा."

तिला आधी बरं वाटलं. हे ती पुढे कधी कुणाला सांगू शकली नाही, पण तिला एक श्वासभर बरं वाटलं होतं. मग तिने विचारलं, "गेलं कुठे?"

"आं?"

"नाकावर नाही तर कुठे आहे?"

बहुतेक बोयेवाल्याने तेव्हाच मान वळवून पाहिलं असावं. "बाई," तो म्हणाला, "वारा आता खाडीकडे आहे."

तिने दादाला फोन लावला. वाजला, उचलला नाही. पुन्हा लावला. मग ती उठली, आणि बावन्नाव्या वर्षी दोन जिने धावत उतरली. कारकुनांनी माना वर केल्या. बंदराच्या धक्क्यावर होडीवाला नव्हता. अर्ध्या तासाने आला. खाडीच्या मध्यावर आल्यावर पहिल्यांदा वास आला, डोक्यात चढणारा, नवीन डांबरी रस्त्यासारखा. होडीवाला वल्ही उचलून म्हणाला, "पुढे नाही नेत बाई. माझी होडी खराब होईल." तिने त्याला काय सांगितलं ते तिला आठवत नाही, पण त्याने नेली.

पाण्यावर साय होती. काळी नव्हे, तपकिरी, समुद्राच्या पाण्यात घुसळून घट्ट झालेली. निळी पिंपं अर्ध्यापर्यंत तपकिरी झाली होती. दादा आपल्या छोट्या होडीत गुडघ्यावर बसून होता, त्याने एक दोरी वर ओढून मांडीवर घेतली होती. जुन्या टॉवेलने तो एकेक शिंपला पुसत होता. बेचाळीस दोऱ्या, आणि तो एकेक शिंपला पुसत होता. वहिनी काठावर उभी होती, कोपरापर्यंत हात माखलेले.

"मिटलेत अजून," दादा तिच्याकडे न बघता म्हणाला. "तोंडं घट्ट मिटून बसलेत सगळे."

शिंपल्याला धोका कळतो. तो तोंड मिटतो आणि वाट बघतो. पण त्यालाही कधीतरी श्वास घ्यावा लागतो, आणि तेव्हा बाहेर जे असेल तेच आत जातं.

"अजून ओढता येतील का वर?" तिने विचारलं.

"ओढायच्या तर ह्याच्यातूनच ओढायच्या."

काठावर उतरल्यावर ती वहिनीजवळ गेली. तीस वर्षं वहिनी तिला अगं-तुगं करत आली होती, पायात काटा रुतला तर मांडीवर पाय घेऊन काढत आली होती. वहिनीने साबणाची वडी तिच्यापुढे धरली आणि म्हणाली, "तुम्ही नका हात लावू. तुम्हाला कचेरीत जायचं असेल."



सोमवारी ती सगळ्यांच्या आधी कचेरीत आली. ती ओळ उघडली. सुटका: ०. शून्य पुसून खडकाचा खरा आकडा घातला, वाऱ्यापाण्याचा गुरुवारी हाती होता तोच अंदाज घेतला, आणि फेरी सोडली. सात तास लागले. ती जागची हलली नाही, फक्त दुपारी एकदा खिडकी उघडली आणि खालचा माशांचा वास आल्यावर मिटली. पडद्यावरचा शनिवार उजाडला. भरती चढली, नाकाच्या कडेची काळी रेघ आधी थरथरली, मग ठिपके सुटे झाले. सुट्टी झालेल्या शाळेसारखे. एकामागून एक ते खाडीकडे निघाले आणि सव्वादहाला तोंडातून आत शिरले. दादाने नंतर सांगितलेली वेळ साडेदहाची होती. पंधरा मिनिटांचा फरक. एवढं अचूक चित्र तिने अख्ख्या नोकरीत काढलं नव्हतं.

साहेबांनी अहवालाचा मसुदा आधीच केला होता. त्यात 'उधाणाच्या भरतीमुळे अनपेक्षितपणे' असे शब्द होते. तिने आपली दोन्ही चित्रं शेजारी शेजारी त्यांच्यापुढे ठेवली.

साहेबांनी ती पाहिली. चष्मा काढला. "बाई, हे शून्य माझ्या सांगण्यावरून, असंही म्हणता येईल."

"तुम्ही चित्राचं सांगितलंत. आकडा मी घातला. परत घालायचाही मीच होता."

"ही ओळ कोण वाचतंय? चौदाशे ओळी आहेत त्या फाइलमध्ये."

"मी वाचते."

"तुमची निवृत्ती सहा वर्षांवर आहे, म्हणून सांगतो," साहेब म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरोखरच काळजी होती. "भरती काही तुम्ही आणली नाहीत."

"भरती कधी येणार ते पंचांगात छापलेलं असतं साहेब. अनपेक्षित म्हणू नका तेवढं."

तो शब्द अहवालात राहिला. तिची दोन पानं परिशिष्टात गेली, शेवटून तिसरी. तिच्यावर कारवाई झाली नाही. कुणी रागावलंसुद्धा नाही, आणि तिला ते सोसेना. रागवायचा हक्क एकाच माणसाला होता.

पुढच्या रविवारी ती पलीकडे गेली. वहिनी घरात होती, बाहेर आली नाही. दादा खाडीच्या काठावर दोऱ्या कापत होता. काढलेल्या दोऱ्यांचा ढीग शेजारी, त्यातले शिंपले आता सगळे उघडे होते, आणि वास असा की माश्यासुद्धा बिचकत होत्या. ती खाली बसली. सगळं सांगितलं. बैठक, चित्र, चाळीस मिनिटं, शून्य. सोप्या शब्दांत सांगितलं, कारण गोष्ट तशी सोपीच होती. लागलेलं सुटतं, हे तिने प्रोग्रॅमला सांगितलंच नव्हतं.

दादाचा कोयता चालू होता.

"बाबा होते तेव्हा एकदा असंच झालं होतं," तो म्हणाला. "तू पाळण्यात होतीस. छोटं जहाज होतं, थोडंच तेल. नाकालाच लागलं. बाबा म्हणाले, जाळी उचला, उधाणाला सुटेल. सुटलं. आमची जाळी तेवढी वाचली."

तिला क्षणभर कळेना तो काय बोलतोय.

"म्हणजे तुला माहीत होतं."

"इथे सगळ्यांनाच माहीत आहे."

"मग दोऱ्या काढल्या का नाहीस?"

त्याने हातातली दोरी खाली ठेवली. पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. चिडलेला नव्हता. दमलेला होता.

"तू नक्की म्हणालीस," तो म्हणाला. "मला वाटलं, आता आमच्यापेक्षा जास्त कळायला लागलं असेल. शिकलीस त्यासाठीच ना."

थोड्या वेळाने त्याने दोरीचं टोक तिच्याकडे सरकवलं, धर म्हणून. तिने धरलं. तो कापत गेला. संध्याकाळपर्यंत अकरा दोऱ्या झाल्या. हातांचा काळेपणा साबणाने गेला नाही, रॉकेलनेही नीट गेला नाही. आठवडाभर ती कचेरीत तशाच हातांनी टंकत होती.

प्रोग्रॅममध्ये आता 'लागला' हा शब्द नाही. तिथे 'टेकला' असं येतं. नवीन साहेबांनी विचारलं, हे काय, जुना शब्द चांगला होता की. ती म्हणाली, टेकलेला माणूस उठतो, म्हणून. फेरीला पुन्हा सात तास लागतात आणि ती कुणालाही चित्र जेवणाआधी देत नाही.

खाडीत शिंपले पुन्हा धरायला चार-पाच वर्षं तरी जातील, असं तळाचा गाळ तपासणाऱ्यांनी सांगितलं. दादाचं वय तोवर थांबणारं नव्हतं. त्याने शीतगृहात काम धरलं. सकाळी सात ते तीन, पेट्या मोजून आत घ्यायच्या. गुडघ्यांमुळे त्याला स्टूल दिलं आहे. खिडकी उघडली की ती आता भिंत बघत नाही. खाली बघते. लोकरी टोपी घातलेला दादा गारठलेले हात काखेत धरून धक्क्यावर बसलेला असतो. कधी मान वर करतो.

"बारके, उद्या वारा कुठला गं?"

पूर्वी ती एका शब्दात सांगायची. आता ती खिडकीत उभी राहून सगळं सांगते, इकडून असेल, पण तिकडूनही असू शकेल, दुपारनंतर फिरेलही, दहात सात वेळा असं होतं, तीन वेळा नाही. दादा शेवटपर्यंत ऐकून घेतो. मान हलवतो. मग शेजारी पेटी उतरवणाऱ्या माणसाला विचारतो, "तुला काय वाटतं रे?"